हरिश्चंद्रगड पहिल्यांदा चढताना

‘सह्याद्रीत पहिला मोठा ट्रेक कुठला करू?’ असं कोणी विचारलं की मी हरिश्चंद्रगडाचं नाव घेतो आणि त्याच दमात सांगतो, की पाचनईच्या वाटेने जा, थंडीत जा आणि उजेडात जा. ज्यांना हे तीनही जमवणं शक्य नसेल त्यांना मी थोडं थांबायला सांगतो. हा गड नवख्यांना भरभरून देतो, पण त्याचं पठार फार मोठं आहे, रान दाट आहे आणि तीन बाजूंना कडे आहेत. पावसात, धुक्यात वाट चुकून, ओल्या अंगाने रात्र काढावी लागल्यामुळे इथे माणसं दगावली आहेत. त्यातली बरीचशी तरणीबांड होती. कमी पडली ती ताकद नव्हती. वाट ओळखायची कशी आणि मागे कधी फिरायचं, एवढंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

गड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेला लागून आहे. उंची साधारण १,४२४ मीटर. तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी माथ्यावरच्या शिखरांची नावं. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली हे अभयारण्य झालं, त्यामुळे इथे वनखात्याचे नियम चालतात. तंबू कुठे लावायचा, रात्री राहता येतं की नाही, शुल्क किती, हे वेळोवेळी बदलतं. निघायच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून विचारून घ्या, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या माहितीवर विसंबू नका.

आधी डोंगर समजून घ्या

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उताराचे झाले, तिथे माती साठली, रान वाढलं. कठीण थर भिंतीसारखे उभे राहिले. म्हणून आपला डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. त्या झाडीच्या पट्ट्याला डोंगरात फिरणारे ‘पदर’ म्हणतात.

नवख्या माणसाला याचा उपयोग असा की, या डोंगरात वाटेल तिथून वर जाता येत नाही आणि वाटेल तिथून खालीही येता येत नाही. कड्याच्या प्रत्येक पट्ट्यात चढण्याजोग्या जागा मोजक्याच असतात. कुठे उतरत आलेली सोंड, कुठे दोन डोंगरांमधली खिंड, कुठे पाण्याने कापलेली नाळ. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी या फटी हुडकून ठेवल्या आणि वाट म्हणजे एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंतचा प्रवास. मधल्या पदरात वाट आडवी जाते, कारण ती पुढच्या फटीकडे निघालेली असते. सपाटीवर चालतोय म्हणजे वाट चुकली, असं वाटून इथेच अनेक जण सरळ वर घुसतात आणि कड्याखाली अडकतात. चढाई सुरू करण्याआधी पायथ्याशी पाच मिनिटं उभं राहून समोरच्या डोंगरात फट कुठे दिसते ते शोधा. हा सराव पहिल्या दिवसापासून करा.

कुठली वाट धरायची

गडावर यायला वाटा बऱ्याच आहेत. नवख्यांच्या कामाच्या दोनच.

पाचनईची वाट सगळ्यात सोपी. अडीच-तीन तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचवते. वाट मळलेली आहे, माणसांची ये-जा असते आणि वाटेत घरगुती टपऱ्यांवर लिंबू सरबत, ताक मिळतं. पहिल्यांदा येताय तर हीच वाट, जाताना आणि येतानाही.

खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब आहे. चार-पाच तास धरा, नवख्यांचा गट असेल तर सहा. कठीण म्हणावी अशी जागा एकच, खिंडीच्या वरचा कातळटप्पा, आणि तिथेही आधाराला रेलिंग आहे. खरी परीक्षा त्याच्या पुढे, पठारावरच्या रानात, वाट ओळखण्याची आहे. ही वाट दुसऱ्या खेपेला ठेवा आणि तेव्हाही गावातला वाटाड्या सोबत घ्या.

नळीची वाट, साधले घाट, माकडनाळ ही नावं तुमच्या कानावर येतीलच. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट गडाच्या पश्चिमेकडच्या कोकणकड्याच्या कुशीतून वर येते. सगळा दिवस मोठाल्या धोंड्यांवरून चढायचं, मध्ये दोराचे टप्पे, वरून दगड येण्याची भीती. फोटो पाहून मोह होतो हे मला माहीत आहे. वर्ष-दोन वर्षं डोंगरात फिरा, दोर हाताळायला शिका, मग जाणत्या माणसांबरोबर जा.

केव्हा जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरातही जाता येतं, पण तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि वाटा बुजलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळतं, वाटा उघड्या पडतात, आकाश स्वच्छ असतं. रात्री थंडी कडाक्याची पडते, तेवढी तयारी ठेवा. मार्चनंतर ऊन चढतं आणि कातळ तापतो. महाशिवरात्रीला मंदिरात मोठी गर्दी असते. श्रद्धेने जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण वाटा शिकण्यासाठी तो दिवस नव्हे.

पावसाळ्याबद्दल स्पष्टच लिहितो. जुलै-ऑगस्टमधला हरिश्चंद्रगड फार सुंदर असतो. कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं, गडावरची मंगळगंगा नदी दुथडी भरून वाहते. आणि त्याच वेळी दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, ओढे तासाभरात फुगतात, कातळावर शेवाळ धरतं. पहिलाच ट्रेक असेल तर पावसाळ्यात हा गड नको. पावसाळी ओढ असेलच तर तुमच्या शहराजवळच्या एखाद्या छोट्या गडावर भिजून या.

अंग आणि सॅक

तयारीचा माझा मापदंड साधा आहे. पुण्याकडचे असाल तर आतकरवाडीहून सिंहगड पायी चढा, पाठीवर पाच किलोंची सॅक घेऊन. नाशिकचे असाल तर अंजनेरी, मुंबईचे असाल तर कर्नाळा. चढून उतरलात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आल्या नाहीत, की पाचनईच्या वाटेला तुम्ही तयार आहात. भरून आल्या तर महिनाभर रोज इमारतीचे जिने चढा आणि विशेषतः उतरा. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की जातो. उतरताना गुडघा गेला तर बसून भागत नाही.

बुटांचा तळ रबरी आणि खोल नक्षीचा हवा. किंमत किती यापेक्षा वापरून मऊ झालेले आहेत का हे बघा. नवे कोरे बूट घालून येणाऱ्यांच्या टाचा तोलार खिंडीच्या आतच सोलपटतात. जीन्स नको. एकदा ओली झाली की वाळत नाही, जड होते, गुडघ्याला आवळते आणि अंगातली ऊब ओढून घेते. जाड सुती टी-शर्टचंही तेच. पटकन वाळणारे कपडे घाला आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा, अगदी भर हिवाळ्यात आणि एका दिवसाच्या ट्रेकलासुद्धा. तो जोड मुक्कामी बदलण्यासाठी नसतो. तो अडचणीच्या रात्रीसाठी असतो.

पाणी माणशी तीन लिटर. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळी, शक्यतो डोक्याला बांधायची, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी. प्रथमोपचाराची पिशवी, तुमची नेहमीची औषधं, मीठ-साखरेची पुडी. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या, संत्री. एक पातळ प्लॅस्टिकचा मोठा कागद, जो पावसात डोक्यावर घेता येतो आणि थंडीत अंगाभोवती गुंडाळता येतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधत राहिला की दुपारपर्यंत बॅटरी संपते. बस. याहून जास्त सामान म्हणजे पाठीवर उगाच ओझं.

अत्तर, सुगंधी फवारे घरी ठेवा. कड्यांच्या कपारींत आग्या मोहळाची पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि उठल्या की अख्ख्या गटाला फोडून काढतात. विडी-सिगारेट, शेकोटी, स्पीकर यांतलं काहीही कड्याजवळ नको.

घरून गावापर्यंत

निघण्याआधी घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने, सोबत कोण, परत पायथ्याला किती वाजता येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. डोंगरात रेंज येते-जाते. तुमची वाट चुकली तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या कागदावरून ठरतं.

पाचनईला पोहोचायला नाशिककडून घोटी-राजूर, मुंबईकडून कसारा-राजूर, पुण्याकडून आळेफाटा करून कोतूळच्या बाजूने. एसटी राजूरपर्यंत सोयीची, पुढे गाड्या मोजक्या. खिरेश्वरसाठी कल्याण-आळेफाटा रस्त्यावर माळशेज घाट चढून आलात की खुबी फाटा लागतो. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर पाचेक किलोमीटर. गावाजवळ नागेश्वराचं जुनं मंदिर आहे. त्याच्या छतावरचं कोरीवकाम अर्धा तास काढून, मान वर करून बघा.

आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला या. रात्रभर प्रवास करून पहाटे थेट चढाई सुरू करायची, ही शनिवार-रविवारच्या घाईतून पडलेली सवय आहे, पण झोपेशिवाय चालणारा माणूस चौथ्या तासाला ठेचकाळू लागतो. गावातल्या घरांत पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा मिळतो, अंगण झोपायला मिळतं. जेवताना घरच्यांना तीन गोष्टी विचारा: वर पाणी कुठल्या टाक्यात आहे, अलीकडे वाटेत काही पडलंय का आणि उद्या हवा कशी राहील. वाटाड्याही तिथेच ठरतो. पैसे आधी बोलून घ्या, घासाघीस करू नका. त्यांच्या शेतीचा एक दिवस तुम्ही घेत आहात.

पाचनईची वाट

सकाळी सहा-साडेसहाला निघा. गाव सोडलं की वाट लगेच चढू लागते. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, इतकं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. गटात सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. तो शेवटी राहिला की बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

तासाभराने वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाशी येते. भिंत तुमच्या डोक्यावर झुकलेली आणि वाट तिच्या कडेकडेने आडवी जाते, खाली दरी. मघाशी सांगितलेला पदर तो हाच. चालताना भिंतीच्या बाजूला राहा, फोटो थांबून काढा, चालता चालता नको. समोरून माणसं आली तर भिंतीला पाठ लावून त्यांना जाऊ द्या. पुढे ओढा ओलांडायचा, थोडी चढण आणि रानातून बाहेर पडताना मंदिराचा कळस दिसतो.

खिरेश्वर, तोलार खिंड आणि वाट ओळखणं

खिरेश्वरहून निघालं की पहिला टप्पा खिंडीपर्यंत, दीड-दोन तासांचा. चढ मध्यम आहे. तोलार खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे. खिंड ओलांडून सरळ उतरलात तर पलीकडच्या कोथळे गावाकडे जाल. गडाची वाट खिंडीतूनच डावीकडच्या धारेवर चढते. लगेच कातळटप्पा. रेलिंगला हात लावण्याआधी हलवून बघा, सगळा भार त्याच्यावर टाकू नका. पाय कातळावर पूर्ण टेकवा, चवड्यावर उभं राहू नका. एका वेळी एकच माणूस, कारण वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

टप्पा संपला की सगळ्यांना वाटतं, झालं, आलो. इथून मंदिर अजून दोन तास आहे, साधारण पश्चिमेला. मध्ये एकामागून एक टेकाडं, चढ-उतार, कारवीच्या उंच झुडपांचं दाट रान. एक टेकाड दुसऱ्यासारखं, एक खळगा दुसऱ्यासारखा. आणि ढोरवाटा चहूकडे फुटलेल्या.

आम्ही चौघे पहिल्यांदा इथून आलो ते ऑक्टोबरात. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता, सकाळचे दहा वाजले होते, आणि तरीही चुकलो. एका चांगल्या रुंद वाटेने अर्धा तास गेलो. ती हळूहळू उजवीकडे वळली, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या आणि तिन्ही गवतात विरल्या. परत फिरलो तर आलो ती कुठली हेही कळेना. दोन तास त्या कारवीत काढले. शेवटी गुरांमागे आलेल्या एका आजोबांनी आमचं बोलणं ऐकलं. ते वर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘पोरांनो, ही ढोराची वाट हाये. मानसाची वाट खाली नाय बघायची, इथं बघायची.’’ आणि त्यांनी हात आपल्या खांद्याजवळ धरला.

मग त्यांनी दाखवलं. जमिनीवर दोन्ही वाटा सारख्याच दिसतात, किंबहुना गुरांची जास्त रुंद आणि जास्त मळलेली असते. पण वाटेवरची कारवी बघा. गाय कमरेखालून जाते. तिच्या वाटेवर खालच्या काड्या मोडलेल्या असतात आणि छातीच्या उंचीवर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, कोळ्याची जाळी शाबूत. माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला बोगदा पडलेला असतो. काड्यांची टोकं कोयत्याने तिरकी कापलेली किंवा सॅक घासून सोललेली. त्या दिवशी मी जागोजागी थांबून नुसत्या काड्या बघत होतो. आजोबांच्या बोटाखालची एक काडी अजून डोळ्यांपुढे आहे: तिरका छेद, आतला गाभा पांढरा आणि कडेला चिकाचा वाळलेला तपकिरी थेंब. आठवडाभरापूर्वी कोणीतरी माणूस इथून गेला होता, हे ती काडी सांगत होती.

त्यानंतर मी ज्या खुणा शिकलो त्याही सांगतो. गुरांची वाट चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जाते, त्यामुळे ती उताराला आडवी जाते आणि फुटत राहते. माणसाची वाट कुठेतरी पोहोचायचं म्हणून जाते, त्यामुळे ती आडवी गेली तरी मधूनच कडक चढून फटीकडे वळते. कातळावर वाट दिसत नाही, पण रोजच्या पायांनी दगड गुळगुळीत होतो आणि त्याचा रंग शेजारच्या दगडापेक्षा फिकट असतो. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर, हा फरक स्वच्छ दिसतो. मोकळ्या जागी दगडांची लगोर रचलेली असते. एकावर एक तीन दगड आपोआप येत नाहीत. झाडांवर-खडकांवर रंगाचे बाण असतात, पण काही पुसट, काही दुसऱ्याच वाटेचे, म्हणून नुसत्या बाणावर जाऊ नका. दोन वेगवेगळ्या खुणा जुळल्या तर पुढे जा.

आणि दर पंधरा मिनिटांनी मागे वळून पाहा. परतताना वाट उलटी दिसते, जाताना डावीकडे असलेलं झाड उजवीकडे येतं. जिथे वाट फुटते तिथे उभं राहून मागचं दृश्य डोळ्यांत साठवा. मी फाट्यावर मागच्या बाजूचा फोटो काढतो आणि वहीत वेळ लिहितो.

चुकलात तर

पाच-दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही, की थांबा. पुढे सापडेल या आशेवर चालत राहू नका. शेवटची खात्रीची खूण जिथे पाहिली तिथपर्यंत परत या, सगळे मिळून. वाट शोधायला चौघे चार दिशांना पांगले की एकाऐवजी चार हरवलेली माणसं होतात.

ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं, असं तुम्ही ऐकलं असेल. सह्याद्रीत हे जिवावर बेततं. इथे ओढा कड्यावरून थेट खाली झेप घेतो. तुम्ही घसरत, उड्या मारत उतरता आणि शेवटी अशा जागी येता की पुढे हवा आणि मागे परत चढता न येणारा कातळ. ज्या जागेवरून परत वर येता येणार नाही तिथे उतरायचंच नाही, हा नियम पक्का धरा.

अंधार पडला तर चालणं थांबवा. वाऱ्याआड जागा बघा, कड्यापासून आणि ओढ्यापासून लांब. ओले कपडे काढून तो कोरडा जोड घाला, सॅक बुडाखाली घ्या, प्लॅस्टिक भोवती गुंडाळा, एकमेकांना चिकटून बसा, गूळ खा. कोणी बरळायला लागला, बोट हलेनासं झालं, थंडी वाजायची थांबली पण माणूस सुस्तावला, तर त्याच्या अंगातली ऊब जाते आहे. त्याला मध्ये घ्या, कोरडं करा, शुद्धीत असेल तर गोड पाजा. दारू मुळीच नको. रेंज मिळाली तर ११२ वर फोन करा, आणि गावातल्या ज्या घरी जेवलात त्यांना करा. गावातली माणसं हीच सगळ्यात आधी पोहोचणारी मदत असते.

साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. तो अवयव हलू देऊ नका, माणसाला उचलून खाली आणा आणि सरकारी रुग्णालय गाठा. या रानात फुरसं, घोणस, चापडा आहेत. कपारीत हात घालण्याआधी डोळ्यांनी बघितलं, तर ही वेळ सहसा येत नाही.

वर पोहोचल्यावर

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी बूट काढून बसा, पायांना वारा लागू द्या. अखंड कोरीवकाम असलेलं हे मंदिर ओढ्याच्या खोलगट भागात आहे, म्हणून जवळ येईपर्यंत पुरतं दिसत नाही. चांगदेवांनी इथे तप केलं असं सांगतात. शेजारी पुष्करणी आहे. तिच्यात पाय, भांडी, कपडे काही बुडवू नका. पिण्याचं टाकं वेगळं आहे, टपरीवाल्यांना विचारा आणि त्यातलंही पाणी गाळून घ्या.

खालच्या बाजूला केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं गार पाणी आणि मधोमध मोठं शिवलिंग. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा आहे. पाण्यात उतरणार असाल तर तळ गुळगुळीत आहे, भिंतीला धरून हळू उतरा. मंदिरापासून तारामतीच्या माथ्यावर जायला पाऊण तास लागतो. वाटेत तारामतीच्या पोटातल्या गुहा आहेत, त्यातल्या एकीत गणपतीची भली मोठी मूर्ती आहे.

मग कोकणकडा. मंदिरापासून अर्धा तास. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला हा कडा आहे, म्हणजे काठ पुढे आणि त्याच्या खाली पोकळी. काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपण कशावर उभे आहोत हे दिसतच नाही. म्हणून इथे उभ्याने काठावर जायचं नाही. दहा-बारा फूट आधी सॅक काढा, पालथे झोपा आणि सरपटत पुढे जा, मागे कोणीतरी तुमचे पाय धरलेले असू द्यात. दुपारी कोकणातून तापलेली हवा कड्याला धडकून वर उसळते, टोपी-ओढणी उडून परत वर येते. वारा अचानक थांबतो, आणि वाऱ्यावर रेलून उभा असलेला माणूस तोल जाऊन पुढे पडतो. वस्तू परत येते का हे बघायला काहीही खाली टाकू नका. खाली नळीच्या वाटेवर माणसं असू शकतात.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्ताला सगळे जमतात. माझा जीव सकाळवर जास्त आहे. पावसाळा सरता सरता, सकाळी ऊन तुमच्या पाठीवर आणि दरीत ढग असतील, तर त्या ढगावर तुमची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या अशा गोलाचं वर्णन १८३५ साली छापलं गेलं. शेजारी दोघे उभे असले तरी ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवतीचं कडं दिसतं. मला ते सहाव्या खेपेला दिसलं, मिनिटभर, आणि आम्ही कोणीच फोन बाहेर काढला नाही.

उतरताना

एका दिवसात परतणार असाल तर दुपारी एक वाजता, कुठेही असा, परत फिरा. खिरेश्वरच्या वाटेने आला असाल तर बाराला. मंदिर दिसलं नाही, कोकणकडा राहिला, तरी फिरा. गट मोठा असेल तर ही वेळ सकाळी गावातच सगळ्यांदेखत ठरवा, म्हणजे वर वाद होत नाही. हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि रानात त्याच्या अर्धा तास आधीच.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, शरीर मागे टाकायचा मोह होतो आणि त्यानेच पाय सटकतो. गुडघे किंचित वाकवा, पाऊल थोडं आडवं टाका, पावलं लहान घ्या. पुढचा माणूस उतरून बाजूला होईपर्यंत थांबा. गवताला धरू नका, उपटून हातात येतं. कारवीच्या बुंध्याला धरा. कोरड्या गवतावर बूट बर्फासारखा घसरतो, तिथे मातीवरून चाला. दर तासाला बुटांची लेस पुढून घट्ट करा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं.

कचरा सगळा सॅकमध्ये, संत्र्याच्या सालींसकट. वाटेत दुसऱ्याचा दिसला तर तोही उचला, सॅकमध्ये जागा झालेलीच असते.

गावात उतरलात की आधी ज्यांच्याकडे जेवलात त्यांना दिसा, सगळे आलो म्हणून सांगा, कारण त्यांचं लक्ष डोंगराकडे लागलेलं असतं. मग रेंज येईल त्या ओट्यापाशी उभं राहून घरी फोन करा, आणि तो कागद फाडून टाकायला सांगा.